बिननावाच्या तारा

बेस गिटारची तार पाकिटातून बाहेर आली की तिच्यावर नाव उरत नाही. गिटारच्या डोक्यावर कंपनीचं नाव असतं, मान उघडली तर टोकाला कधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते, पिकअपच्या पोटात शिक्का असतो. तारेवर मात्र काहीच छापत नाहीत. पाकीट त्याच दिवशी कचऱ्यात जातं आणि वीस वर्षांनी ते वाद्य दुसऱ्याच्या मांडीवर येतं, तेव्हा विचारायला कुणी शिल्लक नसतं.

मी बेस वाजवते आणि डोंबिवलीला घरच्याच एका खोलीत बेस गिटारची दुरुस्ती करते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या वाद्यांवर बरेचदा अशा बिननावाच्या तारा असतात. त्या राऊंडवाऊंड असतील तर मी फार चौकशी करत नाही. त्या काही महिन्यांत मंदावतात. काढायच्या आणि नव्या चढवायच्या. फ्लॅटवाऊंड निघाल्या तर मात्र कटर बाजूला ठेवते. फ्लॅटवाऊंड तार वर्षानुवर्षं टिकते. जुनी होईल तसा तिचा आवाज मुरत जातो आणि पुष्कळदा तो आवाज हीच त्या वाद्याची ओळख झालेली असते. तार कापून टाकली आणि ती कुठली होती हेच माहीत नसलं, तर तो आवाज पुन्हा कुठून आणायचा? शिवाय या तारा स्वस्त नाहीत. आयात केलेला एक चांगला सेट काही हजारांना पडतो. अंदाजाने मागवून चुकीचा सेट घरात पडून राहणं विद्यार्थ्यांना परवडत नाही, आणि कार्यक्रमांवर पोट असलेल्या वादकांनाही.

ज्यांनी बेस कधी हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. नेहमीच्या बेस गिटारला चार तारा असतात. जाडीच्या क्रमाने ई, ए, डी आणि जी. ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, जी सुमारे ९८ वेळा. एवढा खालचा स्वर ३४ इंचांच्या लांबीत काढायचा तर तार जड हवी. तार जड झाली की स्वर खाली उतरतो, हे तंबोऱ्याचा खरज लावणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण अडीच मिलिमीटर जाडीची भरीव पोलादी तार लावली तर ती इतकी ताठ होईल की तिचे वरचे स्वरांश मूळ स्वराशी जुळणार नाहीत. म्हणून मध्ये बारीक पोलादी गाभा ठेवतात आणि त्यावर बारीक तारेचे थर गुंडाळून वजन वाढवतात. सगळ्यात वरचा थर गोल तारेचा असेल तर ती राऊंडवाऊंड: बोटाला खरखरीत, आवाजाला झणझणीत. वरचा थर चपट्या धातूच्या पट्टीचा असेल तर ती फ्लॅटवाऊंड. हिच्यावरून बोट सरकल्याचा आवाज येत नाही, वरचे स्वरांश दबतात, ठोका गोल आणि भरीव पडतो.

लिओ फेंडरने प्रिसिजन बेस १९५१ साली बाजारात आणला. तेव्हापासून पुढची पंधराएक वर्षं बेसवर प्रामुख्याने फ्लॅटवाऊंडच असायच्या. १९६६ साली इंग्लंडमध्ये रोटोसाउंड कंपनीचे जेम्स हाऊ आणि ‘द हू’ या बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल यांनी मिळून बेससाठी राऊंडवाऊंड तारांवर काम केलं. त्याच तारा ‘स्विंग बेस ६६’ या नावाने आजही विकल्या जातात. रॉक संगीतात त्यानंतर वारं फिरलं. तरी फ्लॅट्स संपल्या नाहीत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजलेला जेम्स जेमर्सन ‘ला बेला’ कंपनीच्या जाड फ्लॅट्स लावायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के फ्लॅट्सवर पिकने वाजवायच्या आणि तारांवर फेल्टची पट्टी ठेवून गुंजन आवरायच्या. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस हेवी मेटल वाजवतो तेही फ्लॅट्सवर. फ्लॅट्स म्हणजे फक्त मवाळ संगीतासाठी, हा समज मला मुळीच मान्य नाही.

आता मुद्द्याकडे येते. पावसाळा तोंडावर असताना वसईहून एक तरुण त्याच्या वडिलांचा बेस घेऊन आला. वडील आधी बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे, नंतर लग्नांच्या ऑर्केस्ट्रांत. वाद्य जपानी बनावटीचं, फेंडर प्रिसिजनच्या धर्तीचं. तारा फ्लॅटवाऊंड, काळवंडलेल्या. ए तार ब्रिजजवळ गंजली होती आणि सुरात राहत नव्हती. “ताई, बाकी काहीही बदला,” तो म्हणाला, “आवाज हाच हवा.” तारा कुठल्या, कधी लावल्या, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा रेशमाकडे पाहतात. तारेच्या टोकांना, विशेषतः खुंटीकडच्या टोकाला, रंगीत दोरा गुंडाळलेला असतो, त्यालाच आमच्या धंद्यात सिल्क म्हणतात. धातूची पट्टी खुंटीवर गुंडाळताना फाकू नये, निसटू नये म्हणून ते असतं. काही बनवणारे ते दोन्ही टोकांना लावतात, काही एकाच टोकाला, काही अजिबात नाही. डोळ्यांत आधी भरतो तो त्याचा रंग, आणि माझ्या मते पुरावा म्हणून तोच सगळ्यात कच्चा. लाल सिल्क दिसलं की रोटोसाउंड म्हणून मोकळं व्हायची अनेकांना सवय आहे. रोटोसाउंडचं लाल सिल्क प्रसिद्ध आहे हे खरंच, पण लाल दोरा वापरायला कुणाचीच मनाई नाही आणि इतरांनीही तो वापरला आहे. कंपन्या काळानुसार रंग बदलतात. एकच कारखाना वेगवेगळ्या नावांच्या पाकिटांसाठी तारा बनवून देतो. त्यात आपल्या किनारपट्टीची हवा आहेच: घाम, खारं वारं, चार महिन्यांचा ओलावा. लाल दोरा तपकिरी होतो, निळा राखाडी होतो आणि हिरव्याचं काय झालं ते ओळखता येत नाही.

म्हणून रंग पाहायचाच असेल तर दिसतो तिथे पाहू नये. तार खुंटीच्या खांबाभोवती गुंडाळलेली असते. तिथल्या वेढ्यांची आतली, खांबाला टेकलेली बाजू उजेडापासून आणि हातापासून वाचलेली असते. तार सैल करून ते वेढे हलकेच उलटावेत आणि कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन टिपावेत. वसईच्या बेसवर वरून पाहिलं तर ई, ए आणि डी या तिन्ही तारांचं सिल्क चहाच्या डागाच्या रंगाचं होतं. वेढ्यांच्या आत ते स्वच्छ लाल निघालं. जी तारेचं सिल्क आतबाहेर काळंच होतं. म्हणजे एक गोष्ट पहिल्याच पायरीवर कळली: हा एका पाकिटातला पूर्ण सेट नाही. तीन तारा एका घरच्या, चौथी नंतर आलेली. जुन्या वाद्यांवर हे फार वेळा आढळतं, कारण बारीक तार आधी तुटते आणि कार्यक्रमाच्या घाईत हाताला येईल ती लावली जाते. चारही तारा स्वतंत्रपणे तपासल्या नाहीत तर त्या एका परक्या तारेमुळे सगळा शोध भरकटतो.

खरं तर रंगाच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे ही तार फ्लॅटवाऊंडच आहे का? बोटाला गुळगुळीत लागणारी प्रत्येक तार फ्लॅट नसते. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग मी याच कामासाठी वापरते. भिंगाखाली खऱ्या फ्लॅटवाऊंडवर सपाट पट्टीचे वेढे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. मधे फक्त केसासारखी तिरकी रेघ असते आणि पट्टीच्या दोन्ही कडा सरळ असतात. हाफ राऊंड किंवा ग्राऊंडवाऊंड म्हणून ज्या तारा मिळतात, त्यांत आधी गोल तारच गुंडाळलेली असते आणि मग वरचा उंचवटा घासून किंवा दाबून सपाट करतात. भिंगाखाली तिथे सपाट माथे दिसतात आणि दोन माथ्यांच्या मधे गोलसर घळ राहिलेली असते. डॅडारिओ कंपनीच्या हाफ राऊंड्स आणि जीएचएस कंपनीच्या ब्राइट फ्लॅट्स या जातीच्या. दुसऱ्याच्या नावात फ्लॅट्स असल्यामुळे घोटाळा होतो. तिसरी जात टेपवाऊंडची. तिच्यावर धातूच्या थरांवरून नायलॉनची चपटी फीत असते, बहुधा काळी. ती चमकत नाही आणि नखाने टोकरली तर धातूसारखी वाजत नाही. रोटोसाउंडची ट्रू बेस ८८ या प्रकारची. वसईच्या चारही तारा या चाचणीत अस्सल फ्लॅटवाऊंड ठरल्या.

पुढची खूण धातूच्या रंगाची, आणि इथे मी जरा जास्त वेळ थांबते. ही चाचणी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, पांढऱ्या कागदावर करायची. पिवळ्या दिव्याखाली सगळेच धातू एकसारखे उबदार दिसतात. बाहेरची पट्टी प्रामुख्याने दोन घराण्यांची असते. एक स्टेनलेस स्टीलचं: थंड, निळसर पांढरी चमक, वर्षांनंतरही पुसली की पुन्हा उजळणारी. डॅडारिओच्या क्रोम्स, फेंडरच्या ९०५० आणि ला बेलाच्या डीप टॉकिन बेस तारा या घराण्यातल्या. क्रोम्स नावाच्या असल्या तरी पट्टी स्टेनलेसचीच आहे. दुसरं घराणं निकेलचं. यात शुद्ध निकेल आलं, आणि मोनेल हा मिश्रधातूही आला. मोनेल म्हणजे साधारण दोन-तृतीयांश निकेल आणि उरलेलं मुख्यतः तांबं. या तारा नव्या असतानाही किंचित पिवळसर, मऊ चमकीच्या असतात आणि जुन्या झाल्या की एक धुरकट राखाडी थर धरतात, जो पुसून पूर्ण जात नाही. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ फ्लॅट्स आणि जर्मनीच्या पिरॅमिड गोल्ड शुद्ध निकेलच्या आहेत. रोटोसाउंडच्या जॅझ बेस ७७ मोनेलच्या. निकेल आणि मोनेल यांत नुसत्या डोळ्यांनी फरक करायचा मी प्रयत्न करत नाही. जुन्या तारेवर तो भरवशाचा नसतो. पण स्टेनलेस की निकेल घराणं, हे दोन ज्ञात तारा शेजारी ठेवल्या तर शाळकरी मूलही सांगेल.

चुंबक लावून पाहावं का, असं मला वारंवार विचारतात. त्याने काही कळत नाही. आतला गाभा पोलादी असतो, त्यामुळे तार चुंबकाला चिकटणारच. ती चुंबकाला दाद देते म्हणूनच पिकअप तिचा आवाज पकडतो.

वसईच्या लाल सिल्कच्या तिन्ही तारा पुसल्यावरही उबदार राखाडी राहिल्या. काळ्या सिल्कची जी तार दोन पुसण्यांत पांढरीशुभ्र झाली. स्टेनलेस.

यानंतर माप. तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगायची पद्धत आहे. वादक नुसतं पंचेचाळीस-एकशेपाच म्हणतात, म्हणजे जी ०.०४५ इंच आणि ई ०.१०५ इंच. मिलिमीटरमध्ये ते १.१४ आणि २.६७ होतं. साध्या डिजिटल व्हर्नियरने हे मोजता येतं, मात्र जागा नीट निवडायला हवी. फ्रेट्सच्या वर तारेच्या खालच्या अंगाला खाचा पडलेल्या असतात, तिथे माप कमी येतं. शेवटचा फ्रेट आणि पिकअप यांच्या मधल्या भागात मोजावं, आणि एकदा उभं, एकदा आडवं. दोन्ही मापं सारखी आली तरच ती धरायची.

चारही तारांची मापं एकत्र लिहिली की ती बरंच काही सांगतात, कारण प्रत्येक कंपनीचं मापांचं गणित वेगळं असतं. थोमास्टिकच्या ३४ इंची सेटची मापं ४३, ५६, ७०, १०० अशी आहेत. ए आणि ई यांच्यात ७० वरून एकदम १०० वर उडी. निकेलची पट्टी आणि ही उडी एकत्र दिसली की मला दुसरं नाव सुचत नाही. फेंडरच्या ९०५० मालिकेतला मध्यम सेट ५५, ७०, ९०, १०५, म्हणजे त्यातली जी तार चांगलीच जाड. डॅडारिओ क्रोम्सचा एक लोकप्रिय सेट ४५, ६५, ८०, १००. स्टीव्ह हॅरिसच्या नावाने रोटोसाउंड विकते तो ५०, ७५, ९५, ११०. जेमर्सनशी ज्याचं नाव जोडलं जातं तो ला बेलाचा जाड सेट ५२, ७३, ९५, ११०. यांतल्या शेवटच्या दोघांचे खालचे दोन आकडे सारखे आहेत हे लक्षात ठेवावं. नुसत्या ए आणि ई मोजून थांबलात तर फसाल. फरक डी आणि जी सांगतात.

वसईच्या तारा: डी ६५, ए ८५, ई १०५. परकी जी ४०. मूळ जी केवढी असेल? त्याचं उत्तर तारेवर नव्हतं, नटवर होतं. नट म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची ती छोटी पट्टी, जिच्या खाचांत तारा बसतात. खाच तारेच्या जाडीला बेतून घासलेली असते. ४० ची जी त्या खाचेत आडवी हलत होती. माझ्याकडच्या ४५ च्या तारेचा तुकडा ठेवला तर तो बेताचा बसला. तार निघून जाते, पण तिच्या जाडीची नोंद नटमध्ये राहते, आणि हे फार कमी लोक तपासतात. तर मूळ सेट ४५, ६५, ८५, १०५ होता असं मानायला जागा झाली.

आता गंमत अशी, की रोटोसाउंडच्या ७७ चं एक माप नेमकं हेच आहे आणि ला बेलाच्या डीप टॉकिन बेसमधल्या एका सेटचंही हेच आहे. मापाने दोघांत निवड होत नाही. धातूने होते. ला बेलाची पट्टी स्टेनलेसची, वसईची निकेल घराण्यातली. तेव्हा ला बेला बाद. लाल सिल्कचा कच्चा पुरावा इथे येऊन थोडा पक्का झाला, कारण आता तो एकटा नव्हता. वडील बोटीवर असताना इंग्लंडच्या बंदरांतून येत-जात असतील आणि तिथेच तारा घेतल्या असतील, असं मुलगा म्हणाला. शक्य आहे. पण घरच्या आठवणींना मी शेवटी थोडं वजन देते, आधी देत नाही. नाहीतर डोळे तेच शोधायला लागतात.

अजून टोकं बाकी होती, आणि दोन तारांचा सोक्षमोक्ष शेवटी बहुधा टोकांवरच लागतो. ब्रिजकडच्या टोकाला पितळेचा छोटा बॉल असतो. गाभ्याची तार त्याच्याभोवती फिरवून स्वतःवरच पिळलेली असते. तो पीळ किती लांब आहे, किती दाट आहे, बाहेरची पट्टी बॉलपर्यंत नेली आहे की आधीच थांबवली आहे, हे यंत्रावर आणि कारखान्याच्या पद्धतीवर ठरतं. एका सेटच्या चारही तारांत ते सारखं असतं. काही कंपन्या बॉलला रंग देतात. रंगीत बॉल निघाले तर शक्यता झटकन कमी होतात. दुसऱ्या टोकाला, खुंटीकडे, जाड तार एका पायरीने बारीक केलेली असते, नाहीतर ती खुंटीच्या भोकात शिरणार नाही आणि वळणार नाही. त्या पायरीवर तारेची सगळी रचना उघडी पडते: आधी पट्टी संपते, मग आतला गोल तारेचा थर दिसतो, कधी त्याखाली आणखी एक, मग नागडा गाभा. कापलेल्या टोकावर भिंग धरलं तर गाभा गोल आहे की षट्कोनी हेही दिसतं. पिरॅमिड गोल्डचा गाभा गोल असतो. गोल गाभ्याची तार खुंटीवर वळवण्याआधी कापली तर थर निसटून सैल होऊ शकतात, त्यामुळे हे कळणं नुसत्या कुतूहलापुरतं नाही.

सिल्क कुठे सुरू होतं हेही पाहून ठेवावं. ते नटच्या पुढे, डोक्याच्या बाजूला सुरू व्हायला हवं. नटवर किंवा त्याच्या अलीकडे आलं असेल तर ती तार मुळात लहान लांबीच्या बेससाठी बनवलेली आहे, उदाहरणार्थ ३० इंची वाद्यासाठी. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर त्या लहान वर्गातला. तसंच ब्रिजच्या बाजूला. १९५७ पर्यंतच्या प्रिसिजन बेसमध्ये तार शरीराच्या मागून ओवलेली असायची. तिथे बॉलकडचं सिल्क लांब असलं तरी चालतं. तार मागून न ओवणाऱ्या नंतरच्या ब्रिजला मात्र तेच लांब सिल्क थेट ब्रिजवर येतं आणि आवाज बसतो.

माझ्या खोलीत भिंतीवर प्लायवूडची एक फळी आहे. जो सेट मी स्वतः पाकीट फोडून लावते, त्याची कापलेली टोकं मी त्या फळीवर खिळते आणि खाली पाकिटावरचा क्रमांक, मापं आणि महिना लिहिते. काढलेल्या तारांचे बॉलही असतात, तेही तिथेच. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाने अशी फळी ठेवावी असं मला मनापासून वाटतं. कापलेली टोकं आपण रोज झाडून टाकतो, आणि नेमकी त्यांच्यातच तारेची ओळख असते. वसईची ई तार फळीवरच्या ७७ च्या टोकाशेजारी धरली. पायरीची लांबी, आतल्या थराची जाडी, बॉलचा पीळ, सगळं जुळलं. पट्टीच्या वेढ्यांचा फोनने जवळून फोटो काढला, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि एका सेंटिमीटरमधले वेढे मोजले. तेही जुळले. रोटोसाउंड जॅझ बेस ७७, ४५ ते १०५. हे मी त्याला ठामपणे सांगितलं.

काळ्या सिल्कच्या जी बद्दल मात्र एवढंच सांगितलं: स्टेनलेसची, ४० ची, लांब बेससाठी बनवलेली. बनवणाऱ्याचं नाव नाही. दिसण्यावरून तार कशी बनली आहे हे जवळजवळ नेहमी सांगता येतं. कुणी बनवली, हे कधी एका नावावर येतं, कधी तीन-चार नावांवर थांबतं. आणि वाद्याला गरज असते ती पहिल्या माहितीची. त्याच धातूची, त्याच मापाची, तेवढ्याच ताणाची तार लावली तर पाकिटावर कुणाचंही नाव असो, मान वाकत नाही, नट घासावा लागत नाही आणि हाताला वाद्य परकं होत नाही.

ताणाचं मुद्दाम म्हणते, कारण तो दिसत नाही आणि त्याचेच परिणाम सगळ्यात मोठे असतात. जाडी सारखी असली तरी ताण सारखा असेलच असं नाही. गाभा आणि आतले थर वेगळे असतील तर वजन बदलतं आणि वजनाबरोबर ताण. हे शोधायला मी काढलेल्या, कामातून गेलेल्या तारेचा दहा सेंटिमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलते. ई तारेचा तुकडा ३.५ ग्रॅम भरला तर ३४ इंची बेसवर सुरात लावल्यावर तिचा ताण सुमारे ४० पौंड येतो. तेवढाच तुकडा ३.१ ग्रॅम भरला तर सुमारे ३५ पौंड. चारही तारांत मिळून एवढा फरक पडला तर मान सरळ ठेवणारा तिच्या आतला ट्रस रॉड नव्याने लावावा लागतो. थोमास्टिकच्या तारा कमी ताणाच्या म्हणून ओळखल्या जातात. त्या काढून ला बेलाचा जाड सेट चढवणं म्हणजे वाद्याचं सगळं संतुलन बदलणं. नुसत्या जी तारेचं पाहा. बांधणी सारखी धरली तर ४५ च्या जागी ५२ लावल्यावर ताण सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो, आणि ती जुन्या खाचेत बसतही नाही. जेमर्सनसारखा आवाज हवा म्हणून तो सेट मागवणारी मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या नटची खाच पाहते.

वसईच्या बेसला ७७ चा पूर्ण सेट लावला. जुन्या ई आणि डी अजून चांगल्या होत्या, पण मुरलेल्या तारांच्या मधोमध नवी कोरी ए वाजायला लागली असती तर कानाला खटकली असती. जुन्या तारा गोल गुंडाळून, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून केसच्या खिशात ठेवल्या, सोबत नव्या पाकिटाचा कापलेला भाग. नटला हात लावावा लागला नाही. ट्रस रॉडला थोडासाच फिरवा द्यावा लागला, तोही जी आता ४० ची नव्हती म्हणून.

आठवड्याने त्याचा फोन आला. “ताई, तारा त्याच आहेत ना? आवाज जरा कडक येतोय.” तारा त्याच होत्या. नव्या फ्लॅट्सही सुरुवातीला चमकदार वाजतात. पट्टीच्या फटींत हाताचा घाम आणि मळ बसायला, वरचे स्वरांश दबायला रोज वाजवूनही काही महिने जातात. त्याला म्हटलं, बेस घेऊन ये. ब्रिजवरचं पत्र्याचं कव्हर त्या वाद्यावर अजून शाबूत होतं. त्याच्या आतून मऊ फोमची बोटभर रुंद पट्टी चिकटवली, तारांना जेमतेम टेकेल एवढी. चार ठोके वाजवून त्याने मान हलवली. तारा मुरायला लागल्या, की ती पट्टी आधी अर्धी करायची आणि मग काढून टाकायची, हे त्याला सांगून ठेवलं आहे.